मंगरूळपीरच्या रेखांशावरची भरती

२०२२ सालचा गुढीपाडवा २ एप्रिलला होता. त्या संध्याकाळी गुढ्या उतरवून झाल्यावर, पावणेआठच्या सुमारास, विदर्भाच्या आकाशातून आगीचे लोळ सरकत गेले. उल्का असती तर पापणी लवेपर्यंत विझली असती. हे लोळ मात्र मागे ठिणग्यांची शेपटी ओढत बराच वेळ दिसत राहिले, आणि गावोगावी लोकांनी ते मोबाइलवर टिपले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. अवकाशातल्या कचऱ्यावर नजर ठेवणाऱ्या अभ्यासकांनी हिशेब जुळवला, तेव्हा ते चीनच्या ‘लाँग मार्च ३ बी’ अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असल्याचं दिसलं. हा अग्निबाण फेब्रुवारी २०२१ मध्ये उडाला होता. त्याचा रिकामा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत, हळूहळू खाली येत, अखेर आपल्या डोक्यावर जळाला.

असा तुकडा नेमका कोणत्या गावावर उतरेल हे आधी सांगता येत नाही. तो सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं धावत असतो. म्हणजे अंदाज एका मिनिटानं चुकला, तर जागा साडेचारशे किलोमीटरनं चुकते. आणि अंदाज चुकतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे शंभर-दोनशे किलोमीटर उंचीवरची विरळ हवा. ती आज किती दाट आहे, कुठून कुठे वाहते आहे, तिच्यात कोणत्या लाटा उठल्या आहेत, हे आपल्याला अजून पुरतं कळत नाही.

आकाशाचा हा मधला पट्टा मोजायला फार अवघड आहे. विमानं दहा-बारा किलोमीटरवरून उडतात. संशोधनाचे मोठे फुगे चाळीसेक किलोमीटरपर्यंत जातात. उपग्रह दीडशे किलोमीटरच्या खाली फार काळ तग धरू शकत नाहीत. त्यामुळे ८० ते ११० किलोमीटरच्या थरात काही नेऊन कायमचं ठेवायची सोयच नाही. अग्निबाण तिथून काही मिनिटांत आरपार जातो, एवढंच. तिथली हवा जमिनीवरच्या हवेच्या काही लाखाव्या भागाइतकी विरळ. पण वारे मात्र ताशी शंभर किलोमीटरच्या घरातले, आणि दिवसातून दोनदा दिशा फिरवणारे. अशा नियमित फिरण्याला शास्त्रज्ञ वातावरणाची भरती-ओहोटी म्हणतात.

ही भरती वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरमध्ये, जमिनीवर, घरबसल्या मोजता येते. आजच्या बऱ्याच मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजणारा बारीकसा संवेदक असतो. हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी फोन एकाच जागी ठेवून दर तासाला आकडा लिहून ठेवावा. सकाळी दहाच्या आसपास दाब सर्वांत जास्त भरतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा खाली येतो. फरक काही मिलिबारचाच, पण वेळा इतक्या ठरलेल्या की वादळ-पाऊस नसेल तर त्या सहसा चुकत नाहीत. युरोपात ही लय येत्या-जात्या वादळांखाली दडून जाते. उष्ण कटिबंधात ती उघडी दिसते, आणि हे आपलं भाग्यच म्हणायला हवं.

अलिबागच्या समुद्राला मुख्यतः चंद्र ओढतो. हवेच्या भरतीत चंद्राचा वाटा आहे, पण थोडका. इथे खरं काम सूर्याच्या उष्णतेचं. खालच्या हवेतली पाण्याची वाफ आणि स्थितांबरातला ओझोन रोज दिवसा तापतात, रात्री निवतात. पृथ्वी सूर्यासमोर फिरत असते, म्हणून तापलेला भाग सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे सरकत जातो, आणि त्यातून चोवीस, बारा आणि आठ तासांच्या लाटा उठतात. सूर्य तर दिवसातून एकदाच उगवतो, मग दाब दोनदा का चढतो, या प्रश्नानं एकोणिसाव्या शतकातल्या थोरामोठ्यांना छळलं होतं. १८८२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी सुचवलं की वातावरणाची स्वतःची नैसर्गिक लय बारा तासांच्या जवळपास असावी. ती कल्पना पुढे टिकली नाही. पटणारं उत्तर मिळायला १९६० चं दशक उजाडलं. ओझोनचा थर बराच जाड आहे. चोवीस तासांच्या लाटेच्या वर-खाली घड्या इतक्या जवळ जवळ असतात, की त्या थरात तिचे भाग एकमेकांना मारतात. बारा तासांची लाट लांबलचक असते, तिला थराचा सगळा जोर एकाच दिशेनं मिळतो.

ही लाट वर चढते तेव्हा काय होतं ते पाहण्यासारखं आहे. आसुडाच्या दांड्याजवळ हातानं दिलेला हलका हिसका बारीक होत जाणाऱ्या वादीतून पुढे सरकतो आणि टोकाला पोचेपर्यंत त्याचा कडाका होतो. हवाही वर वर विरळ होत जाते. लाटेची ऊर्जा तेवढीच, पण हलवायला वस्तुमान कमी, म्हणून वेग वाढत जातो. जमिनीजवळ सेकंदाला पाच सेंटिमीटरचा, अंगाला जाणवणारही नाही असा झोका, वाटेत काही न गमावता नव्वद किलोमीटरवर पोचला तर तिथे तो सेकंदाला तीस मीटरचा होईल. प्रत्यक्षात वाटेत बरंच काही गळतं, पण उरतं तेही प्रचंड असतं.

आता मंगरूळपीरच्या रेखांशाकडे वळू. गाव साधारण ७७ अंश २१ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. भारतीय प्रमाणवेळ ठरवणारी रेषा साडेब्याऐंशी अंशांवरची, म्हणून इथे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य अजून माथ्यावर आलेला नसतो. सरासरीनं तो बारा वाजून वीस मिनिटांनी मध्यान्हाला पोचतो. हवेची भरती घड्याळ पाहत नाही, ती ही सूर्याची वेळ पाळते. इथून सरळ दक्षिणेला निघालेली रेषा तिरुनेलवेलीच्या पश्चिमेकडून आणि कन्याकुमारीला जवळजवळ खेटून समुद्रात उतरते. पुढे दक्षिण हिंदी महासागरात अ‍ॅमस्टरडॅम आणि सेंट पॉल ही दोन चिमुकली फ्रेंच बेटं तेवढी तिच्या कडेला लागतात. मग थेट अंटार्क्टिकाचा किनारा. तिथे तिच्या पश्चिमेला, पन्नास किलोमीटरच्या आत, लार्समन टेकड्यांवर भारताचं ‘भारती’ हे संशोधन केंद्र उभं आहे. २०१२ पासून ते सुरू आहे. रेषेच्या पूर्वेला तितक्याच जवळ ऑस्ट्रेलियाचं डेव्हिस केंद्र. मंगरूळपीरपासून हे अंतर दहा हजार किलोमीटरला थोडं कमी, पण दोन्हीकडची दुपार पाच मिनिटांच्या फरकानं एकच.

वाशीमकरांना अशी दक्षिणोत्तर रेषा नवी नाही. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची ठिकाणं सांगितली आहेत, त्यात अवंती म्हणजे उज्जैन आहे, स्थानेश्वर आहे आणि वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीमही आहे. शहरातल्या मध्यमेश्वराच्या देवळाशी ती परंपरा आजही जोडली जाते. आधुनिक मोजणीत ही गावं एका रेषेत तंतोतंत बसत नाहीत. तरी ध्रुवाशी जोडलेल्या रेषेवर आपलं गाव मांडून काळ मोजायचा हा विचार इथे चौदाशे वर्षं जुना आहे, याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

या एका रेषेवर वाऱ्याचं वागणं जागोजागी बदलतं. चोवीस तासांची लाट पृथ्वीच्या परिवलनामुळे साधारण तीस अंश अक्षांशांच्या पलीकडे वर चढू शकत नाही. त्यामुळे तिरुनेलवेली आणि रेषेच्या पश्चिमेचं कोल्हापूर यांच्या माथ्यावर तिचा पगडा असतो, तर डेव्हिस-भारतीच्या आकाशात, नव्वद किलोमीटर आणि त्याच्या वर, बारा तासांची लाट वरचढ ठरते.

आणि इथेच ध्रुवाचं कोडं सुरू होतं. भारती केंद्रावर उन्हाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य मावळत नाही, हिवाळ्यात जवळपास तितकाच काळ तो उगवत नाही. दिवस-रात्रीचा खेळच थांबलेला असताना भरती-ओहोटी कुठून येते? उत्तर असं की ती मुख्यतः तिथे जन्मतच नाही. ती उष्ण आणि समशीतोष्ण पट्ट्यांत तयार होऊन ध्रुवाकडे पसरते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात थेट दक्षिण ध्रुवावर वारे मोजले गेले, तेव्हा आणखी एक नवल समोर आलं. सूर्याच्या मागे धावणारी बारा तासांची लाट ध्रुवबिंदूवर शून्य व्हायला हवी, कारण तिथे सगळे रेखांश एकत्र येतात आणि कुठल्याच एका दिशेला प्राधान्य उरत नाही. तरीही दक्षिणेच्या उन्हाळ्यात तिथे बारा तासांची ठळक हेलकावणी सापडली. संशोधकांना तिचा माग काढत जावं लागलं ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. त्या वेळी उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. हिमालय, रॉकी अशा पर्वतरांगा आणि जमीन-समुद्रातला तापमानाचा फरक यांमुळे तिथल्या वाऱ्यांत जागेवर ठाण मांडून बसलेल्या विशाल लाटा उठतात. सूर्यानं उठवलेली भरती त्यांच्यात मिसळते, आणि त्या मिश्रणातून निघालेली नवी लाट विषुववृत्त ओलांडून दक्षिण ध्रुवापर्यंत पोचते.

जिथे काही नेऊन ठेवता येत नाही, तिथला वारा मोजायचा कसा? भारतात याची सुरुवात मोठी देखणी झाली. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी केरळातल्या थुंबा या मच्छीमार गावातून पहिला अग्निबाण सुटला, तो वारा मोजण्यासाठीच. त्यात सोडियमची वाफ भरली होती. खाली अंधार पडलेला, पण उंचावर अजून ऊन, अशी वेळ मुद्दाम साधली होती. वाफेचा नारिंगी ढग आकाशात उमटला, वाऱ्यानं त्याला वेडंवाकडं ओढलं, आणि जमिनीवरून काढलेल्या छायाचित्रांवरून कोणत्या उंचीला वारा किती, हे मोजता येणार होतं. विक्रम साराभाईंनी जमवलेल्या त्या तरुण तुकडीत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते. पुढे ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. भारताचा अवकाश कार्यक्रम म्हटलं की चांद्रयान आठवतं, पण त्याची पहिली पायरी वरच्या वाऱ्यांची मोजणी होती, हे शाळेच्या पुस्तकांत अधिक ठळकपणे यायला हवं.

अग्निबाण एका संध्याकाळचा वारा सांगतो. भरती समजायला मात्र महिनोन् महिने, रात्रंदिवस मोजणी हवी, आणि ती रडारनं होते. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं असं रडार आहे. त्याच संस्थेचं तसंच रडार तिरुनेलवेलीला १९९२ पासून. दोन्हीही १.९८ मेगाहर्ट्‌झवर चालतात. हे रडार सरळ वर लहरी सोडतं. साठ ते शंभर किलोमीटरच्या पट्ट्यातल्या विद्युतभारित कणांवरून त्यातला अगदी थोडा भाग परततो आणि जमिनीवर तीव्र-मंद ठिपक्यांची नक्षी उमटते. वर वारा वाहतो तशी नक्षीही जमिनीवरून सरकते. दूर दूर ठेवलेल्या अँटेना ती कोणाकडे आधी आली, कोणाकडे नंतर, हे टिपतात. गणितानुसार नक्षीचा वेग वाऱ्याच्या दुप्पट असतो, म्हणून आलेला आकडा निम्मा केला की वारा हाती येतो.

दुसरी रीत उल्कांची. रोज असंख्य बारीक कण वातावरणात शिरून ८० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान जळतात. बहुतेक डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रत्येकाच्या मागे विद्युतभारित वायूची रेघ क्षणभर उरते आणि ती वाऱ्यासोबत वाहते. रडारच्या लहरी तिच्यावरून परततात तेव्हा त्यांची वारंवारता किंचित बदललेली असते. त्या बदलावरून रेघ किती वेगानं जवळ येते आहे किंवा दूर जाते आहे ते कळतं. एका दिवसात अशा हजारो रेघा सापडतात, दर तासाचा वारा मांडता येतो. डेव्हिस केंद्रावर या दोन्ही प्रकारची रडार चालली आहेत. तिथून पश्चिमेला, जपानच्या स्योवा केंद्रावर, हजाराहून जास्त अँटेनांचं ‘पॅन्सी’ नावाचं अजस्र रडार बर्फात आणि खडकांत उभारलं आहे.

तिसरी रीत प्रकाशाची. रात्रीच्या आकाशात ऑक्सिजनचे अणू ९७ किलोमीटरच्या आसपास मंद हिरवा आणि अडीचशे किलोमीटरच्या आसपास तांबडा उजेड टाकत असतात. त्या उजेडाच्या रंगात वाऱ्यामुळे पडणारा अतिसूक्ष्म फरक मोजणारी दुर्बिणीसारखी यंत्रं आहेत. ध्रुवावरची सहा महिन्यांची लांब रात्र त्यांना फार सोयीची.

ध्रुवीय प्रकाशाच्या झगमगाटात मात्र रडारचं काम बिघडतं. सूर्याकडून आलेले कण वरच्या हवेत घुसले की ती रेडिओलहरी शोषून घेऊ लागते. हे शोषण मोजण्याचं काम आपले लोक करतात. भूचुंबकत्व संस्थेनं अंटार्क्टिकावरच्या भारताच्या ‘मैत्री’ या दुसऱ्या केंद्रावर अंतराळातून येणाऱ्या रेडिओ-गोंगाटातली घट मोजणारी उपकरणं बसवली, आणि चुंबकीय नोंदी तर भारताच्या अंटार्क्टिक कार्याचा जुना भाग आहेत. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून तिथे पोचलेल्या पहिल्या स्त्रिया. आज या मोहिमांचा सगळा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

चुंबकीय नोंदींचा वाऱ्याशी काय संबंध? इथे महाराष्ट्राकडे जगातल्या मोजक्या जागांकडे असलेली ठेव आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१ मध्ये चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. चुंबकाची सुई रोज ठरावीक वेळी किंचित हलते, हे तेव्हाच माहीत होतं. १८८२ मध्ये बॅल्फोर स्टुअर्ट यांनी कल्पना मांडली की वरच्या आकाशातली वीजवाहक हवा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहते, त्यामुळे तिथे प्रवाह तयार होतात आणि तेच खालच्या सुईला हलवतात. ती कल्पना खरी ठरली. म्हणजे कुलाब्याचे निरीक्षक वर्षानुवर्षं शंभर किलोमीटरवरच्या भरती-ओहोटीचीच सावली वहीत उतरवत होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं नोंदी बिघडणार, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवलं. त्यानंतर काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे मालिका तुटायला नको. ही दूरदृष्टी आजच्या कुठल्याही मोठ्या यंत्राइतकीच मोलाची आहे.

अलिबागच्या त्या नोंदी ध्रुवाच्या अभ्यासात अशा येतात. हिवाळ्यात कधी कधी ध्रुवावरच्या स्थितांबरातली हवा काही दिवसांत तीस-चाळीस अंशांनी, कधी त्याहूनही जास्त तापते आणि ध्रुवाभोवती गरगरणारा वाऱ्याचा भोवरा विस्कटतो. दक्षिणेत असं क्वचितच घडतं, पण सप्टेंबर २००२ मध्ये अंटार्क्टिकावरचा भोवरा चक्क दुभंगला. उत्तरेत जानेवारी २००९ मध्ये असंच घडलं, तेव्हा हजारो किलोमीटर दूर, पेरूतल्या जिकामार्काच्या विषुववृत्तीय आकाशात आयनांबर, म्हणजे विद्युतभारित कणांचा थर, सकाळी जास्त वर उचललं गेलं आणि दुपारी खाली दबलं. भोवरा मोडल्यानं भरतीच्या लाटांचा मार्ग बदलतो, चंद्राची एरवी दुबळी असणारी भरतीही बळावते. भारतात हा परिणाम पकडायची रीत साधी आहे. तिरुनेलवेलीची चुंबकीय नोंद घ्यायची, तीतून अलिबागची वजा करायची. उरतं ते विषुववृत्तावरून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचं माप, आणि त्यात ध्रुवावरच्या उलथापालथीचे पडसाद दिसतात.

उन्हाळ्यातलं ध्रुवीय आकाश तर आणखी अचंबित करतं. सूर्य मावळत नाही अशा दिवसांत, ८५-९० किलोमीटरवर, पृथ्वीच्या वातावरणातली सर्वांत कडक थंडी असते. उणे १४० अंश सेल्सिअसच्या आसपास! कारण वाऱ्यातच आहे. खालून चढणाऱ्या लहान-मोठ्या लाटा तिथे फुटतात आणि हवेला उन्हाळी ध्रुवाकडून हिवाळी ध्रुवाकडे ढकलतात. रिकामी झालेली जागा भरायला उन्हाळी ध्रुवावर हवा वर चढते, फुलते आणि गारठते. त्या थंडीत बर्फाचे कण गोठून रात्री चमकणारे निळसर ढग तयार होतात. १८८५ मध्ये युरोपात ते पहिल्यांदा नोंदले गेले.

उपग्रहांनी हे सगळं एका झटक्यात का मोजू नये, असा प्रश्न साहजिक पडतो. २००१ च्या डिसेंबरमध्ये सोडलेला नासाचा ‘टाइम्ड’ उपग्रह हे करत आला आहे. पण एकटा उपग्रह एखाद्या जागेवरून दररोज जवळपास त्याच सौरवेळेला जातो. सगळ्या वेळा गाठायला त्याला सुमारे साठ दिवस लागतात, आणि तेवढ्यात भरतीच बदललेली असते. २०१९ मध्ये सुटलेल्या ‘आयकॉन’ची कक्षा तर विषुववृत्ताजवळची होती, ध्रुव त्याच्या नजरेबाहेर. जमिनीवरचं एकटं रडार उलट अडचणीत असतं. ते चोवीस तास पाहतं, पण लाट पृथ्वीभोवती कशी पसरली आहे हे त्याला कळत नाही. म्हणून अंटार्क्टिकाच्या काठानं डेव्हिस, स्योवा, रोथेरा, स्कॉट बेस अशा केंद्रांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. एका केंद्रावर वारा पूर्वेकडे वळला त्या क्षणी दुसरीकडे तो कुठे होता, यावरून लाट सूर्यामागे धावणारी की मिश्रणातून जन्मलेली, हे ठरतं.

या साखळीतली प्रत्येक कडी माणसांनी जागती ठेवलेली असते. मार्चच्या सुमारास शेवटचं जहाज परत फिरलं की भारती आणि मैत्रीवर हिवाळी तुकडी मागे राहते. पुढचे सात-आठ महिने बाहेरून कुणी येत नाही. हिमवादळात अँटेनांवर बर्फ साचतं, तारा तुटतात, दोर बांधून काळोखात उपकरणापर्यंत जावं लागतं. विजेचा पुरवठा तिथलाच, दुरुस्तीही तिथल्याच माणसांच्या हातची. नोंदीत खंड पडला तर तेवढ्या दिवसांची बारा तासांची लाट नंतर कुठल्याच गणितानं भरून काढता येत नाही, म्हणून वादळ ओसरल्याबरोबर ते आधी बर्फ झटकायला बाहेर पडतात.